बुटातली मेथी

मिस्त्रींच्या उजव्या बुटात मेथी तरारून आली, डाव्यात मात्र विरळच. आता, बूट त्या वेळी मिस्त्रींच्या पायात होते. तेव्हा असं काही घडलंच नाही असं धरून चाललेलं बरं. घरातही तसंच धरून चालले आहेत.

"अहो, हा ड्रिल उलटा फिरतोय!" बायको गॅलरीतून ओरडली.

"मागचं बटण डावीकडे सरकव," मिस्त्री खुर्चीतून म्हणाले. "आणि दाबू नकोस. त्याच्या वजनानं जाऊ दे."

घर्रर्र झालं आणि जुन्या कुकरच्या बुडाला भोक पडलं. निचरा हवा, नाहीतर मुळं कुजतात.

मिस्त्रींनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. गुडघा गेला तसे घरी बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले. बायकोनं भाजीपाला लावायला घेतला तो तेव्हापासून. गळक्या बादलीत टोमॅटो, फुटक्या सुटकेसमध्ये पालक, बंद वॉशिंग मशीनच्या टबात वांगी. बाहेरचं भंगार संपलं तशी तिची नजर घरात वळली.

"काय ठेवावं न् काय काढावं, काही कळत नाही बाई," ती म्हणाली, आणि मिस्त्रींनी हौसेनं आपल्या धंद्यातली युक्ती सांगितली. तिथंच ते चुकले.

लिफ्टचा नट आवळला की नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक रेघ ओढतात. नट हलला तर रेघ तुटते. "तसंच कर. वस्तूवरून जमिनीपर्यंत खडूची रेघ ओढ. महिन्यानं रेघ तशीच दिसली तर वस्तू बाद. माती भर." लिफ्टमध्ये न तुटलेली रेघ म्हणजे आतली माणसं सुखरूप. घरात तिचा अर्थ उलटा होतो, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

बायको कामाला लागली. कुकर गेला, त्यांचा जेवणाचा डबा गेला, हेल्मेट गेलं.

"भाऊजी, तुमच्या डोक्यावर मिरच्या काय लगडल्यात हो!" शेजारीण म्हणाली. मिस्त्रीही हसले.

मग एका सकाळी दाराशी त्यांच्या गमबुटांवरून रेघ ओढलेली दिसली. गुडघ्याएवढे बूट. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलं की ते घालून उतरायचं. मिस्त्रींनी ते पायात चढवले आणि खुर्चीत येऊन बसले.

"घरात बूट?"

"वापरात आहेत."

"घालताय खरं. चालताय कुठं?" ती म्हणाली आणि वाकून तिनं टाचेवरून फरशीपर्यंत नवी रेघ ओढली. खडू खुर्चीच्या हातावर ठेवला. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

सुरुवातीला ते रोज टाच जराशी सरकवायचे. ती ओल्या फडक्यानं रेघ पुसून पुन्हा ओढायची. पुढे गुडघा जास्तच धरला आणि सरकवणं राहून गेलं.

एका दुपारी डोळा लागला. जाग आली ती पाय गार पडले म्हणून. बूट मातीनं काठोकाठ भरले होते आणि बायको त्यांत मगानं पाणी घालत होती.

"अगं, माझे पाय आहेत आत!"

"हलू नका. बी उघडं पडेल."

मिस्त्री हलले नाहीत. नंतरही नाहीत. कसं जमवलं ते विचारू नये. खरं म्हणजे कित्येक दिवसांत ती इतकी जवळ येऊन बसली नव्हती. आता रोज सकाळी यायची, माती चाचपायची, मायेनं विचारायची, "आज कसं आहे?"

"बरं आहे," मिस्त्री म्हणायचे. प्रश्न मेथीला असतो, हे त्यांना जरा उशिरानंच कळलं.

शेजारीण आली. खुर्चीच्या पाठीवर रेलून म्हणाली, "भाऊजी दिसत नाहीत ते?"

"असतील इथंच कुठंतरी."

"मेथी मात्र झकास हं! ही डावी का गं अशी?"

"पाणी साचतंय. तळाशी भोकं पाडायला हवीत."

"मग पाड की."

"ड्रिल चार्जिंगला लावलाय."

मिस्त्रींनी खुर्चीमागे हात घातला. 'लिफ्ट बंद आहे' ही त्यांची जुनी पाटी तिथं होती. तिच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी खडूनं ठळक अक्षरांत लिहिलं आणि पाटी छातीशी धरून बसले.

बायको ड्रिल घेऊन आली. "बरं झालं, टोमॅटोला आधार हवाच होता," म्हणत तिनं पाटी काढून घेतली आणि बादलीतल्या मातीत रोवली. लिहिलेली बाजू भिंतीकडे गेली. मग तिनं मागचं बटण डावीकडे सरकवलं. आता विचारावं लागत नव्हतं.

भिंतीकडच्या बाजूला लिहिलं होतं:

'सदर बुटांत अर्जदाराचे पाय असून अर्जदार अद्याप चालू स्थितीत आहे. तरी भोके पाडण्यापूर्वी संबंधितांनी एकवार मान वर करून अर्जदाराची प्रत्यक्ष पाहणी करावी, ही नम्र विनंती.'