स्लॅबवरचं धान

पडवीचा स्लॅब खाली आला तेव्हा मोठा आवाज झाला, असं सगळे सांगतात. मला आठवतो तो चिखलाचा वास. धानाच्या रोवणीच्या दिवसांत यमुनाच्या लुगड्याला यायचा, तोच. पडवीच्या जागी ढीग होता, ढिगावर धान हिरवंगार उभं होतं आणि त्या धानाखाली यमुना, माझी धाकटी जाऊ.

लोक म्हणतात, बाई, पावसानं केलं. पाऊस दरवर्षी येतो.

यमुनाला ऊन सोसायचं नाही. तिच्या मुलाने कवेलूच्या छपराचं घर मोडून स्लॅब टाकला, तेव्हापासून चैत्र लागला की ती ओला पदर घेऊन भिंती पुसत फिरायची, तापलेल्या लेकराचं कपाळ पुसावं तशी. मग मुलचेऱ्याहून एका संस्थेच्या दोन मुली आल्या. त्यांनी पडवीच्या स्लॅबवर जाड प्लास्टिक अंथरलं, त्यावर नारळाच्या शेंड्या, त्यावर हलकी माती. पाणी जायचा पाइप तेवढा मोकळा ठेवा, म्हणाल्या. यमुनाने अंबाडी लावली, दोडक्याचा वेल सोडला, शेजारच्या बंगाली निर्वासितांच्या गावातून मागून आणलेलं लाल भाजीचं बी टाकलं. खाली पडवीत झाडाखालचा गारवा उतरला.

वर ती अनवाणी चालायची. टाचेने माती दाबायची, पान उलटून बघायची. उतरतं ऊन वेलातून झिरपून तिच्या तोंडावर पडायचं, आणि नवरा गेल्यापासून मिटलेला तो चेहरा तेवढा वेळ उघडा असायचा.

"ओ बाई, दोडका फुलला! या वर. म्हातारपण खाली ठेवून या!"

मी गेले नाही तर वरून ओंजळभर पाणी माझ्या डोक्यावर.

धानाची कल्पना माझी. जन्म धानाच्या बांधीत गेला. मोकळी माती दिसली की मला तिथे धानच दिसतं. आम्ही तलावाची काळी माती टोपल्यांनी वर नेली, कडेने बांध घातला. बांधीत पाणी धरायला तोंड बुजवतात, तसा तो पाइप मी चिखलाने बुजवला. यमुना बघत होती.

"बाई, हा स्लॅब आहे. बांधी नोहे."

"धानाले पाणी नाई देत, त काय चहा पाजतेस?"

ती हसली आणि पदर खोचून रोवू लागली. मागे मागे सरकत, एकेक रोप असं बसवायची की जणू निजलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढते आहे.

श्रावणभर ते धान वाऱ्याबरोबर डोलायचं. रस्त्याने जाणारे सायकल थांबवून बघायचे. मला भारी वाटायचं.

त्या दुपारी झड लागलेली. पडवीत आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. छतातून एक थेंब तिच्या सुपात पडला, मग दुसरा. तिने वर पाहिलं.

"बाई, पाइप मोकळा करू काय?"

"धान पोटरीवर आहे, पाणी लागते. आजचा दिवस राहू दे."

तिने मान खाली घातली आणि पुन्हा खडे वेचू लागली. या घरात आली तेव्हापासून ती माझं ऐकत आली होती. ठिबक धरायला घमेलं आणावं म्हणून मी आत गेले.

पाइप कोणी बुजवला, हे तिच्या मुलाला माहीत आहे. मीच सांगितलं. तरी तो पहिला भात आजही माझ्याच ताटात वाढतो. "मोठी माय, जेवून घे," म्हणतो. त्याने शिव्या दिल्या असत्या तर घास उतरला असता.

आता पडवीवर टीन आहे. वर काही उगवत नाही. उन्हाळ्यात तापतं, पावसाळ्यात वाजतं. दिवस गेले की विसर पडतो, असं बायका मला समजावतात. माझ्या पायांतलं बळ गेलं, डोळ्यांतलं चाललं आहे. तो एक थेंब मात्र सुपात पडताना स्पष्ट दिसतो.

त्या पडवीत आम्ही दोघी बसलो होतो. यमुना मेली. मी जिवंत आहे.