अर्धपोटी गाईचा ढेकर

आमच्या सरांचा शोध असा: संत्र्यांचा रस काढून उरलेली साल वाळवून गाईंना घातली की सोयापेंड वाचते, आणि गाय ढेकरातून जो वायू सोडून हवा तापवते तोही कमी होतो. ऐकायला झकास. विद्यापीठाच्या दारावर मोठा फलक लागला, त्यावर सर आणि एक गाय, दोघंही प्रसन्न.

त्या गाईला आम्ही महाराणी म्हणतो, कारण ती निवडून खाते. भरडा जिभेने ओढून घेते, साल नाकाने बाजूला सारते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू स्वयंपाक मीच बिघडवलाय. तिचं पाहून बाकीच्याही शिकल्या. गव्हाणीतलं उष्टं गोळा करून तोलणं हे माझं काम. रोज घमेलीच्या घमेली भरायची. सर मात्र हिशेबात धरायचे तो घातलेला चारा. खाल्लेला नाही.

"सर, त्या साल खातच नाहीत," मी एकदा सांगून पाहिलं. "उपाशी राहतात, म्हणून वायू कमी. अर्धपोटी गाय ढेकर कुठून देणार?"

"होईल सवय," सर म्हणाले. "आणि तुझा प्रबंध सहीसाठी माझ्या टेबलावर आहे, हेही असू दे लक्षात."

आवाज इतका मऊ, की ती धमकी होती हे मला जिना उतरल्यावर कळलं. मग मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आत्याला सांगितलं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून शिकवलं. ती म्हणाली, "आधी सही पदरात पाडून घे बाई, मग काय ते भांड." तिचं काही चूक नव्हतं. मी तोंडाला कुलूप लावलं.

ते टिकलं पाहुणे येईपर्यंत. सालीचा कारखाना काढू पाहणारी मंडळी गोठा बघायला येणार होती. सरांनी फर्मान काढलं, की त्या दिवशी सकाळी गाईंना काही घालायचं नाही. भुकेल्या गाई पाहुण्यांसमोर सालीवर तुटून पडतील, फोटो छान येतील.

सकाळी गोठ्यात शिरले तर सगळ्या हंबरत होत्या. महाराणी बसूनच होती. उठवलं तर पाय थरथरले. तिच्या बरगड्या लांबूनही दिसत होत्या आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

आमच्याकडे एक नियम आहे. जनावर खंगलं तर प्रयोगावरच्या कोणीही दाराला लाल बोर्ड लावायचा. मग जनावरांचे डॉक्टर तपासून जाईपर्यंत प्रयोग बंद, आणि गाईंना नेहमीचा चारा. बोर्ड कोपऱ्यात धूळ खात पडलेला. लावणार विद्यार्थी आणि त्याच्या प्रबंधावर सही करणार सर, मग लावतोय कोण?

मी लावला. नीट पुसून लावला. मग नेहमीचा चारा ओतायला घेतला.

सर पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा एकाही गाईने मान वर केली नाही.

"साल खातायत ना या?" एका बाईंनी कौतुकाने विचारलं.

"नाही. साल ती तिकडे," मी कालच्या उष्ट्याचा ढीग दाखवला. "कडू लागते त्यांना. कडूपणा काढून दळून दिली तर खातीलही कदाचित. ते अजून कोणी करून पाहिलेलं नाही."

सरांनी मला बाजूला घेतलं. "बोर्ड काढ."

"डॉक्टर काढतील."

"सही विसर मग."

"बरं," मी म्हटलं आणि पुढचं घमेलं उचललं. ते महाराणीपुढे ओतलं.

संध्याकाळी घरी आले. आत्याने माझ्या तोंडाकडे पाहून मशीन थांबवलं.

"सही गेली?"

"गेली."

"आणि गाई?"

"पोटभर जेवल्या."

तिने दाताने दोरा तोडला. "मग उद्याही जा. हाकलायचं तर त्यांना हाकलू दे. आपण होऊन निघायचं नाही."