गाळलेली ओळ

यादीत तर…

"यादीत तर तुम्ही नाहीच, गौरहरीबाबू," कलाकार-कार्डाच्या कचेरीतले हालदार म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "नट आहे, गायक आहे, बासरी, ढोल, क्लॅरिओनेट आहे. नाटककार आहे. पोशाखवाला आहे, केसांचे टोप करणारासुद्धा आहे. सोळा प्रकार. प्रॉम्प्टर कुठाय?"

"मागच्या वेळीही नव्हता."

"त्याच्या मागच्या वेळीही नव्हता. म्हणून तर दोनदा अर्ज परत गेला. आज तिसरी वेळ. आज परत गेला की फाइल बंद. नियम आहे. मी केलेला नाही."

"तुम्ही केला असतात तर बरा केला असतात."

हालदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हा टोमणा की खुशामत, ते त्यांना कळेना. मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

"बसा," ते म्हणाले. "साक्षीदार आणलाय ना? समिती आली की हाक मारतो."

दोन शब्द…

दोन शब्द द्यायचे नट अडला की, तिसरा द्यायचा नाही. तिसरा दिला की नटाचा अपमान होतो. ओळ त्याची असते, आपण फक्त दार ढकलायचं.

जात्रेचा, म्हणजे आमच्या बंगालच्या फिरत्या नाटकाचा, मंच उघडा. पडदा नाही, विंग नाही, चारी बाजूंनी माणसं. वादकांच्या शेजारी, मंचाच्या कडेला, मांडीवर नाटकाची वही घेऊन मी एकेचाळीस वर्षं बसलो. पाच-पाच हजार लोकांच्या डोळ्यांसमोर बसलो आणि एकालाही दिसलो नाही. पोस्टरवर जनरेटरवाल्याचं नाव असे, माझं नसे. त्याबद्दल तक्रार नव्हती. प्रॉम्प्टर दिसायला लागला, तर समजावं की खेळ पडतोय.

मंच सुटल्यावर कोलकात्यात चितपूरला एका छापखान्यात प्रुफं तपासली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. सरकारी कार्ड मिळालं, तर डोळ्यांचं ऑपरेशन फुकट होणार होतं आणि महिन्याला थोडं मानधनही सुरू होणार होतं. पण खरं सांगायचं, तर मला त्या कार्डावरचा 'कलाकार' हा शब्द हवा होता. बायको असती तर म्हणाली असती, "शब्द शिजवून खा."

साक्षीदार कोण…

साक्षीदार कोण चालेल, तेही नियमात होतं: राज्य पुरस्कार मिळालेला कलाकार, प्रत्यक्ष हजर. माझ्या ओळखीत असं एकच माणूस उरलं होतं, जात्रेतली नटी बीथिकादिदी. अठ्ठ्याहत्तर वय. एके काळी तिचं नाव लागलं, की वर्धमानकडची माणसं बैलगाड्या जुंपून येत. आता दमदमला भाच्याकडे राहते.

"काका, न्यायला हरकत नाही," भाचा म्हणाला होता. "पण ती सकाळचं दुपारी विसरते. चहा पिऊन कप खाली ठेवते आणि विचारते, चहा नाही का आज? पाचपर्यंत परत आणा म्हणजे झालं."

मी साक्षीचं एक पान लिहून नेलं. कुठल्या साली कुठल्या कंपनीत, कुठलं नाटक, किती खेळ.

दिदीने ते वाचायला लावलं आणि ओठ मुरडले. "हे काय? रेशनकार्ड वाटतंय. लिही, मी सांगते. 'गौरहरीसारखा गुणी कलाकार मी पाहिला नाही. मंचावर मी जे काही होते, त्यातलं अर्धं याच्या तोंडचं होतं.'"

"दिदी, हे बरं दिसत नाही."

"लेखणी तुझी, तोंड माझं. लिही."

मी लिहिलं. मग आठ दिवस रोज दमदमला जाऊन तिच्याकडून ते पान पाठ करून घेतलं. आज येताना बसमध्ये तिने ते दोनदा घडाघडा म्हणून दाखवलं. एका बाईने तिला आपली जागा दिली.

हाक आली…

हाक आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. टेबलापलीकडे तिघं होते. मधे बसूमॅडम, कॉलेजच्या निवृत्त प्राचार्या. मला भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं, दिदीला टेबलासमोर उभं राहू दिलं. बसायला सांगितलं होतं, ती बसली नाही. दारापर्यंत वाकून माझ्या दंडाला धरून आलेली बाई टेबलापाशी पोचेपर्यंत सरळ झाली.

"समितीचे सन्माननीय सभासदहो," तिने सुरुवात केली.

आवाज तोच होता. कडेला बसलेल्या सभासदाने हातातला मोबाइल पालथा ठेवला. दिदीने कंपन्या सांगितल्या, सालं सांगितली. कटवा, आरामबाग, तमलुक. एक आकडा चुकला नाही. मी मनात पान वाचत होतो.

मग ती थांबली.

थांबणं दोन प्रकारचं असतं. एकात श्वास आत असतो. नट माणसांना मुठीत धरून उभा असतो, तेव्हा तोंड उघडणारा प्रॉम्प्टर गाढव. दुसऱ्यात श्वास बाहेर गेलेला असतो आणि बोटं काहीतरी शोधत असतात. दिदीची बोटं पदराच्या काठावर फिरायला लागली होती.

पुढची ओळ तीच होती. गौरहरीसारखा गुणी. दोनच शब्द. ते माझ्या तोंडातून निघेनात. आपलं कौतुक आपणच कुजबुजायचं, तेही सरकारी कचेरीत? मी ती ओळ ओलांडली आणि खालची दिली.

"सन एकोणनव्वद…"

दिदीने ती घेतली नाही. एकेचाळीस वर्षांत कुठल्याही नटीने जे केलं नव्हतं ते तिने केलं. मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"गौर, मधलं खाल्लंस."

साक्ष बाद…

"साक्ष बाद, मॅडम," हालदार उठलेच. "नोंद घ्यावी लागेल. साक्षीदाराला पढवलं जातंय, तेही समितीसमोर."

मीही उठलो. हात जोडले. "चूक माझी आहे. दिदींची नाही. अर्ज बाद करा, पण त्यांच्या नावापुढे काही लिहू नका."

बसूमॅडमनी हालदारांना हातानेच थांबवलं. "तुम्ही काही बोललात?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कधी?"

"आत्ताच. दिदी थांबल्या तेव्हा."

त्यांनी डावीकडच्या सभासदाला विचारलं, "तुम्ही ऐकलंत?" तो माझ्यापासून दोन हातांवर होता.

"नाही बुवा. मला वाटलं, त्या आठवतायत."

"हालदारबाबू, तुम्ही?"

"ओठ हलले त्यांचे. मी पाहिलं."

"ऐकलंत का?"

"ऐकलं… नाही ऐकलं."

"मग दिदींना कसं ऐकू गेलं?"

"सवय आहे," दिदी म्हणाली. "नवऱ्याचं नसेल ऐकलं, याचं ऐकलंय."

मोबाइलवाला हसला. हालदार हसले नाहीत, पण खाली बसले.

"काय गाळलंत तुम्ही?" मॅडमनी विचारलं. माझ्या चपलेचा अंगठा सुटत आला होता, तो मी पायाने दाबत राहिलो.

"तो नाही सांगायचा," दिदी म्हणाली. "त्याची स्तुती आहे ना, लाजला. आमच्या नायकाला ताप आला, पूर आला, मंच खचला, मेल्याने कधी एक ओळ गाळली नाही. आज गाळली."

बसूमॅडमनी पेन टोपणात घातलं. "द्या मग."

"काय, मॅडम?"

"ओळ द्या. तेच काम ना तुमचं?"

मी खाली बसलो, कारण हे काम उभ्याने होत नाही. हनुवटी छातीला टेकवली. कान तापले होते. आणि आयुष्यात सगळ्यांत जड गेलेले दोन शब्द मी दिले.

"गौरहरीसारखा गुणी…"

दिदीने घेतले. चहाचा ट्रे घेऊन दारात आलेला शिपाई तिथेच उभा राहिला. तिने ओळ पूर्ण म्हटली, वर पानात नसलेली आणखी दोन वाक्यं म्हटली. ती मी इथे लिहिणार नाही. ती दिदीची आहेत.

इतर म्हणून…

"इतर म्हणून एक रकाना आहे ना शेवटी?" बसूमॅडमनी विचारलं.

"आहे, पण तो आजवर कोणी भरलेला नाही," हालदार म्हणाले.

"म्हणजे कोरा आहे. बरं झालं. ह्यांच्याच हाताने भरून घ्या. आमच्या सह्या खाली."

हालदारांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. मला रेघ दिसेना. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी रेघेखाली बोट ठेवलं. "इथून," ते म्हणाले. मी 'प्रॉम्प्टर, जात्रा' असं लिहीत गेलो, तसं त्यांचं बोट पुढे सरकत गेलं. मग त्यांनी शाईवर फुंकर घातली आणि शिक्का मारला.

"कार्ड पोस्टाने येईल. दोन महिने धरा," ते म्हणाले. आणि मग हळूच, "सकाळपासून धास्ती होती मला. फाइल बंद करायचं काम माझंच असतं हो."

सुटलो, दिदी…

"सुटलो, दिदी," मी म्हणालो आणि कचेरीच्या पायरीवर बसलो. कोपऱ्यावरून दोन चहा आणले, मातीच्या कपातले. माझा मी दोन घोटांत संपवला आणि आणखी एक आणला. इतका गोड चहा कितीतरी दिवसांत प्यालो नव्हतो. उगाचच हसू येत होतं.

"कशातून सुटलास?" दिदीने विचारलं.

"अर्जातून. झालं ना काम. तुम्ही काय बोललात आत!"

"हां, अर्ज," ती म्हणाली आणि मान डोलावली. दुसऱ्या नटाचं भाषण चालू असताना डोलावतात तशी.

मी तिचा चहा संपेपर्यंत थांबलो.

कुठे उतरणार…

"कुठे उतरणार, मासीमा?" कंडक्टरने विचारलं. दिदीला डाव्या बाजूला बायकांच्या बाकावर जागा मिळाली होती. मी तिच्यामागे दांडीला धरून उभा होतो. दमदम, एवढंच सांगायचं होतं. माझ्या ओठांवर होतं.

पण दिदीचा श्वास आत होता.

"बागबाजार," ती म्हणाली. स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात. दोघा-तिघांनी वळून पाहिलं.

बागबाजारचं तिचं घर बावीस वर्षांपूर्वी विकलं गेलं. आता तिथे दातांचा दवाखाना आहे.

नट कधी कधी दोन पानं पुढे उडी मारतो, नाहीतर पाच पानं मागे जातो, आणि चुकीची ओळ अशा खऱ्या आवाजात म्हणतो, की सगळा मंच त्याच्यामागे जातो. अशा वेळी प्रॉम्प्टरने त्याला ओढून आणायचं नसतं. वहीची पानं उलटायची आणि तो जिथे गेलाय तिथे जाऊन बसायचं.

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. सव्वातीन वाजत होते. पाचला अवकाश होता.

"दोन द्या," मी म्हणालो. "बागबाजार."