बाईंचे गुण

बाईंचा कान म्हणजे कान, असं रेकॉर्डिंगच्या धंद्यात सगळे म्हणायचे. त्या काचेमागे येऊन बसल्या की वादक आपोआप खुर्चीत सरळ होत. एकदा त्यांनी एका व्हायोलिनवाल्याला माइकवरून सांगितलं होतं, "खिशातली नाणी काढून ठेवा, ताल बदलला की वाजतात." त्याने खिसा उलटा केला, तर नाणी दोनच निघाली. ही गोष्ट पुढे इतकी पसरली, की सांगणारे कधी दोनाची एकच करत, तर कधी नाण्याची टाचणी.

निवृत्त झाल्यावरही हा दबदबा टिकला. तंत्रविद्यालयात दरवर्षी विद्यार्थ्यांची स्पर्धा भरायची, आणि मुख्य परीक्षक म्हणून बोलावणं बाईंनाच यायचं. स्पर्धा दोन भागांत होती. एकात मुलांनी केलेली रेकॉर्डिंग ऐकायची, दुसऱ्यात त्यांनी स्वतः बनवलेले माइक, स्पीकर, अँप्लिफायर तपासायचे. बोलावणारा विभागप्रमुख बाईंचाच जुना असिस्टंट. स्टुडिओत कामाला लागला तेव्हा त्याला साध्या केबली गुंडाळता येत नव्हत्या, म्हणून बाई त्याला 'गुंता' म्हणायच्या. आता त्याचे केस पिकले होते, हाताखाली चार-पाच प्राध्यापक होते, पण बाईंच्या तोंडी तो गुंताच राहिला.

आणि या सगळ्यात बाईंना एक गोष्ट ठाऊक होती, जी त्यांच्या समजुतीप्रमाणे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांचे कान गेले होते.

पूर्ण गेले नव्हते. बोलणं ऐकू यायचं, गाणं ऐकू यायचं. गेला होता तो वरचा भाग, बारीक, टोकदार आवाजांचा. घरात नवी बेल बसवली होती. एके सकाळी सून ओल्या हातांनी आतून धावत आली, "आई, अहो केव्हाची वाजतेय!" आणि बाई दाराला खेटूनच पेपर वाचत बसलेल्या. मग त्या गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. त्याने तपासून सांगितलं, "वयाच्या मानाने ठीकच आहे की. तुम्हाला आता कुठे रेकॉर्डिंग करायचंय!" घरी येऊन बाईंनी सुनेला सांगितलं, मळ होता, काढला.

स्पर्धेत मात्र त्या सांभाळून राहू लागल्या. आधी दुसऱ्या परीक्षकांना बोलू द्यायचं, मग त्यांच्याच म्हणण्याला आपला एक शेलका शब्द जोडून द्यायचा. कोणी म्हणालं, झांज कर्कश आहे, की बाई म्हणायच्या, "कर्कश नाही, उघडी पडलीय." मुलं तो शब्द वहीत टिपून घ्यायची. असं करत वर्षं निभली होती.

त्या वर्षी ऐकण्याच्या खोलीत नेहमीसारख्या तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधली बाईंची. उजवीकडे स्पीकर बनवणाऱ्या एका कंपनीचा इंजिनिअर, डावीकडे सिनेमांचं ध्वनिमिश्रण करणारा एक चष्मेवाला तरुण. भिंतींना करडा स्पंज, समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, पायाखाली जाड सतरंजी. ज्याचं रेकॉर्डिंग लागेल त्याने मागच्या स्टुलावर बसायचं आणि परीक्षकांच्या पाठी बघत घाम पुसायचा.

दुपारपर्यंत तीच ती मोठमोठी बँडं ऐकून बाई कंटाळल्या. मग एक बुटकी, बारीक मुलगी आत आली. तिने पिशवीतून दोन माइक काढून टेबलावर ठेवले, आणि चष्मेवाल्याला हसू आलं. माइक तिने स्वतःच बनवले होते आणि जुन्या टॉर्चच्या नळ्यांत बसवले होते. कॉलेजात तिला 'टॉर्च' म्हणत, हे बाहेरच्या बाकावरच्या हाका ऐकून बाईंना आधीच कळलं होतं.

"दोन्ही विभागांत आहेस?" इंजिनिअरने विचारलं.

"हो सर. हेच माइक, आणि यांच्यावरच केलेलं रेकॉर्डिंग."

"आणि काय रेकॉर्ड केलंय?"

"माझी आई आणि आत्या गातायत. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात."

"जिन्यात का?"

"घरात गायला दोघी तयार होईनात. त्या एकमेकींशी बोलत नाहीत. म्हटलं, जिना कोणाचाच नाही."

इंजिनिअर हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून मुलीकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "लाव."

दोन बायकांचे आवाज. साथीला काही नाही. सुरुवातीला बाई सवयीने चष्मेवाल्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्याने कपाळाला आठी घातली, मान किंचित मागे घेतली. साधं काही ऐकलं की या पोरांना नाक मुरडायची सवयच असते, असं मनाशी म्हणून बाईंनी डोळे मिटले. आणि मिटल्याबरोबर त्या जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. एक बाई वरच्या पायरीवर बसलीय, दुसरी खाली कठड्याला टेकून उभी आहे. बसलेलीचा आवाज जाड, थकलेला; उभी असलेली जरा पुढे पळणारी. पहिलं कडवं दोघी आपापल्या भिंतीला ऐकवत होत्या. दुसऱ्या कडव्यात उभ्या असलेलीचा श्वास कमी पडला, तेव्हा बसलेलीने स्वर धरून ठेवला, तिला येऊ दिलं. आणि नेमकं तेव्हा खालच्या बाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बाईंना ती वळलेली मान ऐकू आली.

गाणं संपलं. दुसऱ्यांना आधी बोलू द्यायचं, हे त्या दिवशी बाई विसरल्या.

"माइक कुठे ठेवायचा हे हिला कोणी शिकवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे शिकवता येत नाही. आज सकाळपासून मी आवाज ऐकतेय. माणसं आत्ता ऐकली."

चष्मेवाला सतरंजीकडे बघत राहिला. इंजिनिअर खाकरला आणि म्हणाला, "हो, म्हणजे, बाईंनी सांगितलंच आहे." मुलीला बाहेर जायला सांगितलं. परीक्षकांचं बोलणं स्पर्धकांनी मनावर घ्यायचं नसतं, निकालच खरा, असा तिथला नियम होता, आणि तो तिला दारातच पुन्हा ऐकवण्यात आला. बाईंनी तिला दोन्ही विभागांत दहापैकी दहा दिले. असे त्यांनी आजवर कोणालाच दिले नव्हते.

बक्षिसं संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये, बाईंच्याच हातून. विभागप्रमुख नावं वाचत होता आणि बाई एकेक कप उचलून देत होत्या. उत्तेजनार्थ झालं. तिसरं झालं. बाईंनी दुसरा कप हातात घेतला आणि हॉलमध्ये मुलीला शोधलं. ती मधल्या रांगेत टोकाला बसली होती, उठायला सोपं जावं अशी. दुसरं एका उंच मुलाला गेलं. पहिलं सकाळच्या एका बँडाला. उपकरणांच्या विभागात तर तिचा उल्लेखही झाला नाही. बाईंनी फोटोसाठी हसून घेतलं, पण गालांना ते हसू पेलवत नव्हतं.

टाळ्या संपल्याबरोबर त्या विभागप्रमुखाला त्याच्याच केबिनमध्ये घेऊन गेल्या आणि दार लावून घेतलं.

"गुंत्या, त्या टॉर्चवाल्या मुलीला मी पूर्ण गुण दिलेत. बाकीच्या दोघांनी शून्य दिलं का?"

"नाही बाई, शून्य कसं देतील."

"मग बेरीज चुकलीय. परत कर."

"बेरीज बरोबर आहे."

"माझे दहा धरून?"

तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला. बाईंना त्याची ही सवय माहीत होती. स्टुडिओत काही बिघडवलं की तो असाच हाताला लागेल ते फिरवत बसायचा.

"बोल."

"बाई, तुमचे गुण धरत नाही आम्ही. गेली दोन-तीन वर्षं."

बाहेर मुलं खुर्च्या सरकवत होती. ते बाईंना व्यवस्थित ऐकू येत होतं.

"तुमच्या लक्षात नसेल," तो खाली मान घालून म्हणाला, "एका मुलाच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत शिट्टी होती. सगळ्यांनी कानावर हात ठेवले होते, आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, किती स्वच्छ आहे. तेव्हा कळलं."

"कोणाकोणाला कळलं?"

"परीक्षकांना. एक-दोन प्राध्यापकांना. आमच्या हिला मी बोललो होतो."

"मग बोलावतोस कशाला?"

"तुम्ही येणार म्हटलं की मुलं नावं देतात, बाई. कंपन्या सामान देतात. आणि नाही म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"तुझं पहिलं रेकॉर्डिंग मी तुझ्यासमोर पुसून टाकलं होतं," बाई म्हणाल्या. "तुला वाईट वाटेल म्हणून ठेवलं असतं, तर आज तू कुठे असतास?"

मग बाईंनी आवाज चढवला. कान म्हातारा झाला तरी जे ऐकलं ते खरं होतं, त्या दोन बायका त्या बँडाच्या वरचढ होत्या, आणि तुम्ही तिघांनी मिळून एका पोरीचं वाटोळं केलंत. शेवटी त्याने कॉम्प्युटर चालू केला आणि मुलीचं रेकॉर्डिंग लावलं. बायका गाऊ लागल्या.

"हिच्यातही शिट्टी आहे, बाई. माइकला जास्त व्होल्टेज लागतो, तो देणारं सर्किट तिने घरी बनवलं, आणि त्याचाच आवाज आत उतरलाय. ऐकू येतो?"

शिट्टी खालच्या पट्टीत उतरावी म्हणून त्याने रेकॉर्डिंगचा वेग निम्म्यावर आणला. आई आणि आत्या पुरुषांच्या आवाजात गाऊ लागल्या. त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली नाही. त्याने वेग पुन्हा निम्मा केला. आता ती माणसंही राहिली नाहीत. कोणीतरी फरशीवरून जड कपाट ओढत न्यावं तसा आवाज येत होता. आणि त्या घरघरीच्या वर, पहिल्या क्षणापासून, सुईसारखी सरळ एक शिट्टी. ती थांबत नव्हती, श्वास घेत नव्हती. मान वळली त्या जागीही ती तशीच होती.

"बंद कर," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याने नाक मुरडलं नव्हतं. त्याचे कान दुखत होते.

बाई जिना उतरून खाली आल्या तर ती मुलगी दाराशी उभी. पिशवी छातीशी धरलेली. फाटकापाशी दोन बायका एकमेकींपासून चार हात अंतर ठेवून उभ्या होत्या, आणि बाईंना बघून दोघींनी एकाच वेळी पदर सारखे केले.

"मॅडम, एक मिनिट. मला बक्षिसाचं काही नाही. फक्त कुठे चुकलं ते सांगा. तुम्ही आत म्हणालात, माणसं ऐकली, आणि मग... तुम्ही सांगितलंत तर मी पुन्हा करेन."

सांगण्यासारखं बाईंकडे पुष्कळ होतं. मी तुला दहा दिले होते, ते कोणी मोजले नाहीत, हे सांगता आलं असतं. पण मग का मोजले नाहीत, हेही सांगावं लागलं असतं. केबिनच्या खिडकीत विभागप्रमुख उभा होता. बाजूला दोन-तीन मुलं रेंगाळत होती आणि बाई काय बोलतात म्हणून कान देऊन होती.

"वर शिट्टी आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या सर्किटची. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मुलीचा चेहरा उतरला. "ती? ती मला येत होती ऐकू. मला वाटलं, माझ्या लॅपटॉपचीच आहे, नेहमी करतो तो... तुम्हाला ऐकू आली?"

"मला नाही येणार तर कोणाला येणार?"

रेंगाळणाऱ्या मुलांपैकी एकाने दुसऱ्याला कोपरखळी मारली. बघ, बाईंचा कान.

"म्हणजे गुण तुम्हीच..." मुलगी म्हणाली. "पण तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मला वाटलं, तुम्हाला आवडतंय."

"डोळे मिटले की शिट्टी जास्त ऐकू येते."

हे वाक्य बाईंच्या तोंडून इतकं सहज गेलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. सवय होती ना, शेलका शब्द जोडायची.

मुलीने मान हलवली. "थँक यू मॅडम," म्हणाली, आणि फाटकाकडे गेली. ती काहीतरी बोलली, तशी आई आणि आत्या दोघींनी वळून बाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं, हाक मारावी आणि निदान त्या वळलेल्या मानेचं तरी सांगावं. पण तेवढ्यात विभागप्रमुख गाडीची किल्ली घेऊन खाली आला आणि त्याने त्यांच्यासाठी दार उघडलं. फाटकातून बाहेर पडताना त्या दोघी मुलीला मध्ये घेऊन चालत होत्या आणि एकमेकींशी बोलत होत्या. एवढ्या वर्षांनी त्यांना एकत्र बोलायला विषय मिळाला होता.

"पुढच्या वर्षी..." गाडीत विभागप्रमुख म्हणाला आणि अडखळला.

"बोलाव," बाई म्हणाल्या. "येईन."

पुढच्या वर्षी त्या गेल्या. टॉर्चवाली कुठे दिसली नाही. बाईंनी चहा पिताना उगाच विचारावं तसं विचारलं, तेव्हा विभागप्रमुखाने सांगितलं, तिने मधेच शाखा बदलली, आता हिशेब-तपासणी शिकते. हुशार आहे म्हणे, तिथेही पुढे आहे. माइक तिने कॉलेजच्या भंगारात दिले; त्यांच्या नळ्या तेवढ्या कोणीतरी उचलून नेल्या.

बाई मधल्या खुर्चीत जाऊन बसल्या. एकेक मूल येऊन मागच्या स्टुलावर बसत होतं, घाम पुसत होतं. बाईंनी आधी दुसऱ्यांना बोलू दिलं, मग आपले शब्द जोडले, मुलांनी ते टिपून घेतले. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना सात-सात गुण दिले, एकालाही कमी नाही आणि जास्त नाही. त्यावर कोणी काही म्हणालं नाही.