पावसाकडची बाजू

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सगळे डोंगरावर थडगी साफ करायला जमतो. गवत खरवडायचं, खचलेली माती पुन्हा भरून उंचवटे करायचे, छपरांची डागडुजी करायची आणि मग तिथेच ओकच्या झाडांखाली चादरी अंथरून जेवायचं. आमच्या लोकांत मेलेल्या माणसावर पाऊस पडू देत नाहीत. प्रत्येक जुन्या थडग्यावर फळ्यांचं एक बुटकं घर असतं, माणसाच्या लांबीचं, चार खांबांवर. ही पद्धत कोणी आणली, कुठून आणली, ते मला सांगता येत नाही. मी आयुष्यभर गावातल्या वाचनालयात काम केलं आणि आमच्याविषयी छापलेलं जे हाती लागलं ते वाचलं. कुणी लिहितं, फुटलेल्या जहाजावरून आलेले पोर्तुगीज. कुणी तुर्क म्हणतं, कुणी इथले मूळनिवासी चेरोकी, कुणी सुटका झालेले आफ्रिकी गुलाम आणि त्यांच्या गोऱ्या बायका. माझं स्वतःचं मत सकाळी एक असतं आणि संध्याकाळी दुसरंच.

आमच्या लोकांना म्हणतात तो ‘मेलंजन’ शब्द आम्ही लहान असताना शिवी होता. बाजाराच्या दिवशी खालच्या गावातली मुलं ती आमच्या पाठीमागे ओरडायची. आता तोच शब्द छापलेले टीशर्ट मिळतात. माझी थोरली बहीण ऑर्लीना अजूनही तो शब्द तोंडातून काढत नाही.

त्या रविवारी ती नेहमीप्रमाणे आईच्या थडग्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती आणि सगळ्यांना कामाला लावत होती.

“ॲन्सल, ते फावडं आहे, पुस्तक नाही. त्याच्याकडे बघत काय राहिलास?”

“माती ओली आहे, ताई.”

“मातीच ती. ओली असणारच. बर्केट, घे रे त्याच्याकडून ते, पाय तोडून घेईल स्वतःचा.”

बर्केट आमच्या चुलतभावाचा नातू. त्याने हसत फावडं घेतलं. मी बरं झालं म्हणून बाजूला झालो, कारण माझं लक्ष सकाळपासून खालच्या रस्त्याकडेच होतं. कोणीतरी येणार होतं, आणि ते ताईला सांगायचा मला धीर झाला नव्हता.

मार्चमध्ये मला ओहायोहून एका बाईचा फोन आला होता. डेनीस तिचं नाव. आमचा भाऊ व्होल्नी, त्याची मुलगी. तो हिवाळ्यात वारला होता. मुलीने थुंकी तपासून पूर्वजांचा शोध लावणाऱ्या कंपनीकडे नमुना पाठवला होता आणि उत्तरात युरोप, थोडी आफ्रिका आणि डोंगरभर चुलत भावंडं आली होती. त्यांतल्या एकाने तिला माझा नंबर दिला. बापाने तिला एवढंच सांगितलं होतं की आपण पोर्तुगीज वंशाचे, आणि मागे कोणी उरलेलं नाही.

व्होल्नी माझ्याहून बराच मोठा. त्याच्याविषयी लिहायचं म्हणजे मला आधी त्याचा आवाज आठवतो. चर्चमध्ये तो गायला लागला की म्हाताऱ्या बायका हातातले पंखे हलवायचं थांबवत. उन्हाळ्यात तो जिनसेंगची औषधी मुळं खणायला डोंगरात जायचा, आणि परत येताना ओढ्यापासूनच गात यायचा, म्हणजे आई मक्याचा पाव तव्यात टाकायची. आजी गेली तेव्हा बाबांनी आणि त्याने मिळून तिचं छप्पर केलं. बाबा ओकच्या ओंडक्यात लोखंडी पातं ठोकून तो चिरायचे, व्होल्नी फळी सोलून काढायचा. दिवसभर कुणी फार बोललं नाही. लाकडाचा तो आंबूस वास मला आजही कुठे आला तर मी थांबतो.

मग तो ओहायोत डेटनला कारखान्यात कामाला गेला. तिथे गोइन्स हे आमचं आडनाव ऐकून कुणाच्या कपाळावर आठी येत नव्हती. त्याने लग्न केलं. एकदा ताई न कळवता बसने त्याला भेटायला गेली, सोबत वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक आणि काकवीची बरणी घेऊन. घरात पाहुणे होते. दारात कोण आलंय असं बायकोने विचारल्यावर व्होल्नी म्हणाला, “आमच्या आईकडे धुणं करायची, ती बाई.” ताई तासभर स्वयंपाकघरात बसली आणि केक घेऊन परत आली. हे तिने मला एकदाच सांगितलं. त्यानंतर घरात व्होल्नीचं नाव निघालं की ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायची.

दुपारच्या सुमाराला ओहायोची पाटी असलेली गाडी फाटकाशी थांबली. उतरली ती पांढरे केस आखूड कापलेली, बेताच्या उंचीची बाई. तिच्या हातात लाकडी पेटी होती. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “तुम्ही ॲन्सलकाका ना? तुमचं नाक बाबांचंच आहे.”

मी ताईकडे बोट दाखवलं, एवढंच.

डेनीस खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. “ऑर्लीनाआत्या, मी व्होल्नीची मुलगी. बाबांनी शेवटच्या दिवसांत एकच मागणं मागितलं. आईजवळ ठेव म्हणाले. त्यांची आई इथे आहे हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. मी त्यांना घेऊन आलेय.”

ताईने पेटीकडे पाहिलं. “ह्यात?”

“राख आहे.”

“जाळलंत त्याला?”

“तिकडे तसंच करतात हल्ली, आत्या.”

“तिकडे,” ताई म्हणाली. “मग तिकडेच ठेव. इथे आमची माणसं आहेत. तो आमच्यातला नव्हता. त्यानेच सांगितलंय.”

“काय सांगितलंय?”

“मी त्यांच्या घरची धुणंवाली आहे, असं. तुझ्या आईला विचार.”

“आई गेली आत्या. मला हे ठाऊक नव्हतं.” डेनीसने पेटी छातीशी धरली. “मला खरंच काहीच ठाऊक नव्हतं.”

फावडी थांबली होती. बर्केट खोकला. ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं तसा तो पुन्हा खणायला लागला. मग ती डेनीसला म्हणाली, “जेवून जा. उपाशी आम्ही कुणालाच पाठवत नाही. पेटी त्या चादरीवर ठेवू नकोस, तिथे तळलेली कोंबडी आहे.”

मला वाटलं होतं की मी मध्ये बोलेन. मनात वाक्यं तयारही होती. ताई, माणसाचं शेवटचं मागणं, वगैरे. ती वाक्यं मनातच राहिली. मी डेनीसला ताट वाढून दिलं, वाळवलेल्या घेवड्याच्या शेंगा, मक्याचा पाव, कांदा. तिने दोन घास खाल्ले आणि ताट खाली ठेवलं.

“काका, मी लगेच निघते. फक्त आजीचं थडगं दाखवाल? लांबून पाहीन.”

ताई जेवायला झाडाखाली गेली होती, म्हणून मी डेनीसला घेऊन गेलो. आईचं छप्पर बाबांनी केलेलं. मघाशी डेनीसचं लक्ष फक्त ताईकडे होतं; आता ती त्याच्यासमोर आली आणि एकदम थांबली. पेटी तिने गवतावर ठेवली आणि गुडघे टेकून छपराच्या आढ्यावर हात ठेवला.

“हे कुणी केलं?”

“माझ्या बाबांनी. तुझ्या आजोबांनी.”

“आणि ही सगळी? सगळ्यांवर असतं?”

“जुन्यांवर असतं. का गं?”

“माझा एक धाकटा भाऊ होता. टेडी. वर्षाचाही झाला नव्हता. आम्ही त्याला डेटनच्या दफनभूमीत पुरलं, सगळं कसं सपाट, छाटलेलं गवत. आणि एका शनिवारी बाबांनी त्याच्यावर असलं एक छप्पर नेऊन ठेवलं. गॅरेजमध्ये केलं होतं. तिथल्या लोकांनी ते काढून टाकलं. बाबांनी दुसरं केलं. तेही काढलं. आई रडायची, लोक हसतात म्हणायची. तिसऱ्या वेळेला तिथला माणूस घरी आला भांडायला. बाबा त्याला म्हणाले, पोर भिजतंय माझं. एवढंच. मी सात वर्षांची होते. मला वाटलं, बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय. आयुष्यभर तेच वाटत आलं.”

मी म्हटलं, “हे तू ताईला सांग.”

“तुम्ही सांगा ना, काका.”

“मी सांगितलं तर बिघडेल. माझ्याकडून गोष्टी बिघडतात.”

आम्ही झाडाखाली गेलो. डेनीसने उभ्याउभ्याच सांगितलं. ताई कोंबडीची तंगडी हातात धरून ऐकत होती. तिचा चेहरा काही मऊ झाला नाही. ऐकून झाल्यावर तिने हात पुसले.

“गोष्टी सांगायला कुणालाही येतात. छप्पर कसं होतं?”

“लहान. लाकडी.”

“ते कळलं. आढ्यावर फळ्या कशा जुळवल्या होत्या?”

डेनीस गोंधळली. माझ्याकडे पाहायला लागली. मी खाली पाहिलं, कारण ताई काय विचारतेय ते मला कळलं होतं आणि माझ्या तोंडावर दिसलं असतं.

“जुळवल्याच नव्हत्या नीट,” डेनीस हळूच म्हणाली. “त्याचंच तर हसू झालं होतं. एका बाजूच्या फळ्या दुसरीपेक्षा वर आलेल्या, अशा वीतभर. शेजारचा माणूस बाबांना म्हणाला, गोइन्स, माप चुकलंय तुझं, कापून सारखं कर. बाबांनी नाही केलं.”

“कुठल्या बाजूच्या वर होत्या?”

डेनीसने डोळे मिटले. “दफनभूमीचं फाटक एका अंगाला होतं आणि रेल्वे दुसऱ्या. रेल्वेच्या बाजूच्या.”

“पाऊस कुठून येतो तिकडे?”

“रेल्वेकडूनच. आम्ही शाळेतून येताना नेहमी त्याच बाजूने भिजायचो.”

आमच्याकडे पावसाकडच्या बाजूच्या फळ्या आढ्याच्या वर काढतात, म्हणजे वारा आला तरी पाणी फटीतून आत जात नाही. परक्याला ते छप्पर वाकडं दिसतं. बाबांनी व्होल्नीला हे शिकवलं त्या दिवशी मीही तिथे होतो.

“तीन वेळा केलं म्हणालीस?” ताईने विचारलं.

“तीन वेळा.”

“बायकोसमोर?”

“सगळ्या शहरासमोर, आत्या.”

ताई उठली. मी आधार द्यायला पुढे झालो तर तिने माझा हात झटकला आणि डेनीसचा धरला. थडग्यांमधून चालत ती कुंपणापाशी गेली आणि काठीने जमिनीवर एक रेघ ओढली.

“इथे. आईच्या शेजारी नाही. ती जागा माझी आहे, मी सोडणार नाही. इथून त्याला आई दिसेल, तेवढं पुरे. मी त्याला माफ केलेलं नाही, हे तुला सांगून ठेवते.”

“हो आत्या.”

“बर्केट, खण.”

बर्केटने पेटीचं माप डोळ्यांनी घेतलं. “एवढ्याशा पेटीला मोठं छप्पर नको ना, आजी? पक्ष्याच्या घरट्याएवढं केलं तरी चालेल.”

“तुझा मेंदू ठेवायचा असता तर चाललं असतं. हा पुरता माणूस होता. किती उंच होता गं शेवटी?”

“सहा फुटांना थोडा कमी.”

“तेवढं करायचं. ओक उद्या पाडा. फळ्या सोलायच्या, करवतीच्या नकोत. ही पोरगी आठवडाभर माझ्याकडे राहील आणि फळ्या धरेल.”

डेनीस म्हणाली, “माझी नोकरी आहे, आत्या.”

“माझ्याही कोंबड्या आहेत. मी काही म्हणतेय का?”

पेटी मातीत ठेवली तेव्हा प्रार्थना मी म्हणावी असं ठरलं, शिकलेला म्हणून. मी मधल्या ओळी विसरलो. कुणाच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असेल. छप्पर होईपर्यंत बर्केटने त्या जागेवर आपल्या ट्रकची ताडपत्री अंथरली आणि कडेने दगड ठेवले.

खाली उतरताना डेनीस मला म्हणाली, “काका, तुम्ही एवढं वाचलंय. माझ्या मुलांना मी काय सांगू, आपण नक्की कोण?”

मी गडबडलो. पोर्तुगीजांपासून सुरुवात करणार होतो, मग वाटलं आफ्रिकेपासून करावी, मग म्हटलं, ह्यातलं मला खात्रीने काय माहीत आहे? ताई आमच्या पुढे होती. ती मान न वळवता बोलायला लागली, आणि पहिल्यांदा मला कळलंच नाही की ती कुणाविषयी बोलतेय.

“एकदा आमच्याकडे गुऱ्हाळ होतं. गोड ज्वारीचा रस कढईत उकळत होता. बाबा म्हणाले, कुणी बोट घालायचं नाही. तर हा शहाणा ओणवा होऊन जिभेनेच चाटायला गेला. पुढचे दोन रविवार चर्चमध्ये गाणं नाही. पाद्री विचारतो, व्होल्नी आजारी आहे का? आई म्हणते, नाही, गोड आहे.”

ती हसली. डेनीसही हसली आणि तिने पावलं उचलून ताईला गाठलं.

“मग पुढे, आत्या?”

“पुढे काय? मीच त्याच्या जिभेला लोणी लावायचे. चावायचा मेला.”

माझे गुडघे आता उतारावर फार साथ देत नाहीत. त्या दोघी पुढे निघून गेल्या, आणि ओढ्याच्या आवाजात मला पुढचं काही ऐकू आलं नाही.