गाडी कुंदाच्या नावावर

कुंदाच्या नावावर उभ्या जन्मात काही नव्हतं. हेंद्रेपाड्यातली खोली नवऱ्याने थोरल्या भावाच्या नावावर घेतली, का तर म्हणे मोठ्याचा मान. नवरा गेला आणि वर्षाच्या आत त्याच थोरल्या दिराने तिला आणि सुजितला बाहेरची वाट दाखवली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. म्हणून सुजितने मोटारसायकल घ्यायची ठरवली तेव्हा कुंदा हट्टाला पेटली, की घरातली पहिली गाडी माझ्याच नावावर पाहिजे. सुजित हसला आणि कागदांवर आईची सही घेऊन गेला. आता राहत होते त्या शिरगावच्या अख्ख्या बिल्डिंगला तिने पेढे वाटले.

दीड वर्षाने कामावरून परतताना अंबरनाथच्या पुढे तीच गाडी खडीवर घसरली. दुसरं वाहन नाही, कुणाचा धक्का नाही. सुजित जागीच गेला.

मागे राहिल्या कुंदा, सून स्वप्नाली आणि चार वर्षांची तेजल. दिवसकार्य उरकल्यावर स्वप्नालीचा चिपळूणचा भाऊ सरळच बोलला. विम्याचे पंधरा लाख आले तर पोर इथे शिकेल, नाहीतर महिनाअखेर दोघींना घेऊन जातो. त्याचं चुकत नव्हतं. चार घरचे डबे करून कुंदा तिघींचं किती दिवस निभावणार? पण तेजल गेली तर कुणासाठी जगायचं, हे ती कुणाला बोलली नाही.

फाइल छातीशी धरून ती उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, विनीतकडे गेली. पॉलिसी त्यानेच काढून दिली होती. त्याने पाणी दिलं, कागद दोनदा उलटले, गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम पास होईल म्हणाला. मग नजर चुकवत राहिला.

"काकू, पंधरा लाखांचा अपघात विमा गाडीच्या मालकाचा असतो. मालक स्वतः चालवत असेल, त्याच्याकडे लायसन असेल, तरच."

"मालक तर मी. मला सायकलपण येत नाय."

"हो ना. घरातलं दुसरं कोणी चालवणार असेल तर त्याचं वेगळं कव्हर घ्यायला लागतं. ते राहून गेलं."

कोणाकडून राहिलं, हे भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने कागदावरच्या सुजितच्या नावावर बोट ठेवलं. मग हे कशाला लिहिलंय?

"ते नॉमिनीचं. तुमच्यामागे पैसे त्याला मिळावेत म्हणून."

विनीत माणूस वाईट नव्हता. घरी कागद कमी पडले म्हणून सांगा, असं त्यानेच सुचवलं. कुंदानेही वाटभर तेच घोकलं. पण दारात स्वप्नाली उभी दिसली आणि तिची जीभच वळेना.

"माझ्या हट्टापायी गेलं गं सगळं. गाडी त्याच्या नावावर असती तर पैसे आले असते."

स्वप्नाली खाली बसली. तिने शिव्या घातल्या असत्या तर कुंदाला बरं वाटलं असतं.

"शोरूमवाल्यांनी तेव्हाच सांगितलेलं ह्यांना, आई. गाडी हेच चालवणार, तर ह्यांच्याच नावावर घ्या म्हणून. हे म्हणाले, मेल्यावरचे पैसे काय करू? आई आत्ता हसतेय ना."

महिनाअखेरीला भाऊ रिक्षा घेऊन आला. कुंदाने तेजलचे कपडे स्वतःच्या हाताने बॅगेत भरले. थंडीचा स्वेटरही भरला, कारण पोर काही सुट्टीला चालली नव्हती.