तानूबाईच्या डोळ्यातला माझा तुकडा

मी एक जुनी छिन्नी आहे. लांबीला वीतभर. खाली टोक, वर डोकं, आणि मधे तानूबाईच्या मुठीनं घासून गुळगुळीत झालेलं अंग. मित्रांनो, तुमच्या घरी मिक्सर आला असेल तर तुम्ही मला पाहिलंही नसेल. पण कोपऱ्यात उभ्या केलेल्या पाट्यावरून एकदा बोट फिरवून बघा. दगडावर बारीक बारीक खळगे लागतील. त्याला टाकी म्हणतात. तसे खळगे पाडण्यात माझा जन्म गेला.

निमगाव केतकीच्या बाजारात, लोहाराच्या भात्यापुढं मी जन्मले. त्याआधी मी एका मालट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पट्टीचा तुकडा होते. लोहारानं मला लाल केलं, ठोकलं, पाणी पाजलं आणि गेणबाच्या हातात दिलं. गेणबानं लगेच मला बायकोकडं सरकवलं, कारण दगड फोडणारा तो असला तरी टाकी लावणारी तानूबाईच.

लोहार म्हणाला, "वयनी, हातोडी बसून बसून हिच्या डोक्याच्या कडा वळत्यात. झालर येती. झालर दिसली की माझ्याकडं आणा, घासून देतो. तशीच वापरू नगा."

तानूबाई हसली. "आमच्या मालकाच्या मिशांना बी झालर आलीया. त्या घासून देताय का?"

गेणबानं मिशीवरून हात फिरवला आणि गपचूप पैसे दिले.

मग आम्ही गावोगाव हिंडलो. निमगाव, शेळगाव, पार डाळजपर्यंत. तानूबाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हाळी द्यायची, "टाकी लावायची का, पाट्याला, जात्याला..." आणि आतून कुणीतरी म्हणायचं, "बरी आलीस गं बाई, वाटण नुसतं घसरतंय." ती मांडी घालून बसायची. हातोडी ठेका धरायची आणि ठेक्यावर ओवी यायची:

*टाकीच्या घावानं, जात्याला आलं दात,*
*नवरीच्या अंगाला, लागू दे हळदहात.*

एक गोष्ट मात्र तिच्या हाळीत नव्हती की ओवीत नव्हती. तिच्या डाव्या डोळ्यात पांढरं फूल होतं. लहानपणी देवी आल्या, त्यांनी तो डोळा नेला. त्यातून नुसता उजेड-अंधार कळायचा. तिचं सगळं जग, गेणबाच्या तांबड्या पटक्यापासून माझ्या टोकापर्यंत, उजव्या डोळ्यात मावलेलं होतं.

वर्षं गेली. दळणाच्या गिरण्या आल्या, मिक्सर आले, हाळीला उत्तरं कमी आली. माझ्या डोक्याला झालर आली. "ह्या बाजारी घासून आणू," ती म्हणायची. बाजारी मीठ-मिरची व्हायची, आणि लोहाराकडं जायचं राहून जायचं. लग्नघरी मात्र अजून जातं लागत होतं. हळद दळायची ती जात्यावरच, ही रीत कोणत्या मिक्सरला मोडता आली नाही.

तशीच शेळगावात बाजीरावांच्या घरी हळद होती. ओसरीत जातं सुटं करून ठेवलेलं. बायका हळकुंडं निवडत होत्या. तानूबाईची ओवी रंगात आली, हातोडी जोरात बसली, आणि माझ्या झालरीचा एक कण उडाला. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. मला कळलं तेव्हा तो तिच्या उजव्या डोळ्यात शिरलाही होता.

मित्रांनो, रक्त नाही आलं. ती किंचाळलीही नाही. चिलट गेल्यासारखं तिनं डोळा मिटला, पदरानं टिपला. "दगडाची कच गेली जणू," ती म्हणाली. मोठी जखम असती तर माणसं धावली असती. लोखंडाचा तापला कण इतका वेगानं आत जातो की मागचं दार आपोआप मिटतं. बाहेरून काही कळत नाही.

अर्धी टाकी तशीच ठेवून ती निमगावला घराकडं आली ती थेट शेजारच्या शकुबाईकडं. शकुबाईच्या जिभेला पंचक्रोशीत मान होता. कुणाच्या डोळ्यात कुसळ जावो, मळणीचा भुसा जावो, ती पाण्याची चूळ भरायची, पापणी उलटायची आणि जिभेचं टोक डोळ्यावरून हळूच फिरवायची. कुसळ जिभेवर यायचं. त्या दिवशीही तिनं मायेनं जीभ फिरवली.

"काय आलं का गं?" तानूबाईनं विचारलं.

"काय न्हाय बाई. आसवाबरुबर गेलं आसंल. नीज आता."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी तानूबाई अंथरुणातच. पापणी सुजून टम्म, डोळा मिरचीसारखा लाल, आणि कपाळ ठणकत होतं. गेणबा दारात उभा राहिला.

"आज पटका न्हाय बांधला व्हय?" ती म्हणाली.

पटका त्याच्या डोक्यावरच होता. त्यानं पिशवी उचलली आणि तिला बारामतीच्या एसटीत बसवलं. आमची पिशवी एकच. भाकरी तिच्यातच आणि हत्यारंही तिच्यातच. म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले.

बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी यंत्रातून डोळा पाहिला. खूप वेळ पाहिला.

"मावशी, डोळ्यात काय गेलं?"

"दगडाची कच. शकुबाईनं बघितलं, काय निघालं न्हाय."

"कशानं बघितलं?"

"जिभंनं."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काम कशानं करत होतात?" गेणबानं भाकरीखालून मला काढलं. बाईंनी मला दिव्यापाशी धरलं. माझ्या गंजलेल्या झालरीत एकाच ठिकाणी ताजी, चकचकीत खोक होती. त्यांनी तिथं बोट ठेवलं.

"इथला तुकडा कुठं गेला?"

एक्स-रे फोटो काढला तेव्हा काळ्या काचेवर डोळ्याच्या खोबणीत एक पांढरा ठिपका दिसला. तो मी होते.

बाईंनी स्टुलावर बसून दोघांना समजावलं. डोळा आतून घट्ट पारदर्शक रसानं भरलेला असतो. लोखंडाबरोबर त्या रसात जंतू गेले. जिभेवरच्या जंतूंनीही भर घातली असेल. आता तिथं पू होतोय. आतला पू वरच्या थेंबांनी जात नाही, गोळ्यांनी जात नाही. "मी आता डोळ्याच्या आत औषधाची सुई देते. पण आजच पुण्याला जायचं. तिथं पू झालेला रस काढतील आणि लोखंडही काढतील."

गेणबा कावराबावरा झाला. "उद्या गेलं तर? घरी सांगावा धाडतो, चार माणसांना इचारतो."

"उद्यापर्यंत डोळा थांबेलच असं नाही, काका."

"डोळ्यात सुरी घालायची म्हंजी... डाव्यानं तर दिसतच न्हाय हिला. हा बी गेला तर?"

तानूबाई आतापर्यंत भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "डावा देवीनं नेला तवा मला कुणी इचारलं न्हाय. ह्या डोळ्याचं मला इचारत्यात. मी जाती. तुमी येताय का पिशवीच यिऊ दे माझ्यासंगं?"

गेणबानं पिशवी खांद्याला लावली.

पुण्यात मी खाटेखाली पडून होते. आत काय झालं ते डॉक्टरांनी गेणबाला सांगितलं तसं सांगते. केसाएवढ्या छिद्रांतून बारीक हत्यारं आत घातली. गढूळ रस काढून घेतला, औषध सोडलं. कणानं डोळ्यातलं भिंगही फोडलं होतं, तेही काढलं. आणि चुंबक जवळ नेताच माझा तुकडा, हरवलेलं वासरू आईकडं यावं तसा, त्याला येऊन चिकटला.

तो त्यांनी छोट्या बाटलीत घालून दिला. गेणबानं बाटली माझ्या खोकेजवळ धरली, पाहिलं, आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसले.

पट्टी निघाली तेव्हा आधी नुसता उजेड आला. मग हलणारा हात. मग औषधं, थेंब, पुण्याच्या खेपा. एका खेपेला ती हसत म्हणाली, "तांबडं कायतरी दिसतंय. मिशा अजून न्हाय दिसत, त्येच बरं हाय." पुढं जाड भिंगाचा चष्मा आला आणि मिशाही दिसल्या. सुईत दोरा ओवता येत नाही तिला अजून. पण वाट दिसते, माणूस ओळखू येतं, खळगा दिसतो.

शकुबाई भेटायला आली ती दारातच रडू लागली. तानूबाईनं तिला आत ओढलं. "आगं, तू काढाया गेलीस. घालाया न्हाय." आता कुणी डोळा चोळत आला तर शकुबाई चूळ भरत नाही. त्याचा हात धरून एसटीच्या थांब्यावर नेते, आणि गाडी सुटेपर्यंत तिथून हलत नाही.

आणि मी? गेणबानं मला लोहाराकडं नेलं. लोहारानं माझी सगळी झालर घासून काढली. मी बोटभर आखूड झाले, पण मला त्याचं दुःख नाही. मित्रांनो, हत्यार म्हातारं झालं म्हणून घात करत नाही. त्याच्याकडं बघायचं राहून जातं तेव्हा घात होतो. ठोकाठोकी करताना डोळ्यावर काच असू द्या. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, तूप नको, दूध नको, जीभ नको. आणि दुखणाऱ्या डोळ्याची नजर कमी झाली, तर उद्याचं नाव घेऊ नका, त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठा.

परवा आम्ही शेळगावला गेलो. बाजीरावांच्या ओसरीत ते जातं तसंच होतं, निम्म्याला दात, निम्मं बोळकं. जाड चष्म्यावर वेल्डिंगवाल्यासारखा, पण पांढऱ्या काचेचा बंद चष्मा चढवून तानूबाई बसली, तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"तानूबाई, इमान उडवायला निघालीस व्हय?"

"व्हय. बसायचं तर या मागं."

तिनं मला उजेडात धरलं. माझ्या डोक्यावरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. गुळगुळीत लागलं तेव्हा कुठं हातोडी उचलली, आणि ठेक्यावर नवी ओवी आली:

*रुतलं लोखंड, आलं चुंबकाच्या हाती,*
*दिसली गं पुन्हा, माझ्या शिवाराची माती.*